ऐंशी दिवसांचा मामलेदार

मिळालेली मामलेदारी ऐंशी दिवसांत टाकून पुन्हा नांगर धरणाऱ्या माणसाचे चरित्र मी लिहायला घेतले आहे, हे आमच्या वडिलांना कळले तर त्यांना काय वाटेल याची मला चांगली कल्पना आहे. नांगर सुटावा म्हणूनच त्यांनी मला कॉलेजात घातले. ताओ युआन-मिंग या चिनी कवीची गोष्ट वर्गात प्रथम ऐकली तेव्हा सगळे माना डोलावत होते आणि मी मात्र मनातून चिडलो होतो. ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्याने त्यागाच्या गोष्टी कराव्यात, असे मला वाटले. पुढे ग्रंथालयात त्याच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर हाती लागले आणि त्याच्या कणगीतही दाणे नव्हते हे समजले. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

ताओ युआन-मिंग इ. स. ३६५ च्या सुमारास जन्मला. यांगत्से नदीच्या दक्षिणेस लू पर्वताच्या पायथ्याशी छायसांग नावाचे ठिकाण होते. आजच्या जियांगशी प्रांतातील जिउजियांग शहराचा तो परिसर. चीनचा उत्तर भाग त्या काळी परकीय टोळ्यांच्या हाती गेला होता आणि जिन घराण्याचे बादशहा आजच्या नानकिंग येथे राजधानी करून कसेबसे राज्य करीत होते. खरी सत्ता होती ती बड्या घराण्यांची आणि सेनापतींची. त्याचा पणजोबा ताओ खान हा असाच एक नामांकित सेनापती होऊन गेला. तो गरिबीतून वर आलेला होता. अंगात आळस भरू नये म्हणून तो रोज सकाळी शंभर विटा खोलीबाहेर नेऊन ठेवी आणि संध्याकाळी त्याच विटा परत आत आणी, असे सांगतात. अशा पणजोबाचा पणतू पुढे स्वस्थपणासाठी प्रसिद्ध व्हावा, ही मौजच म्हटली पाहिजे. पणजोबाचे वैभव मात्र पणतूपर्यंत पोहोचले नाही. वडील लहानपणीच वारले, जमीन थोडी आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ.

शिकलेल्या माणसापुढे त्या काळी दोन वाटा होत्या. एक कन्फ्यूशियसची. विद्या मिळवावी, राजसेवा करावी, घराण्याचे नाव राखावे. दुसरी वाट लाओत्से आणि च्वांगत्से या ताओपंथी विचारवंतांची. या विश्वात जे आपल्या स्वभावाने आपोआप चालले आहे त्यात माणसाने विनाकारण हात घालू नये. गरजा थोड्या ठेवाव्यात. मानासन्मानाच्या मागे लागून मूळचा साधा स्वभाव मोडू देऊ नये, असे त्यांचे सांगणे. हे विचार त्या वेळी सहा-सातशे वर्षांचे जुने असले तरी सुशिक्षितांत त्यांचे मोठे वेड होते. बड्या घरची मंडळी मद्याचे पेले समोर ठेवून त्यांवर रात्र रात्र चर्चा करीत आणि त्यांतले बरेच जण सकाळी दरबारात हजर होत. आपल्या नायकाने हे विचार तोंडी न लावता जेवायलाच घेतले, एवढे म्हणून पुढे जातो.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या आसपास त्याला प्रांताच्या कचेरीत पहिली जागा मिळाली. थोड्याच दिवसांत ती सोडून तो घरी आला. पुढची बारा-तेरा वर्षे अशीच गेली. घरात धान्य संपले की नोकरी धरायची, मन विटले की परत यायचे. काही काळ तो ह्वान श्वान या सेनापतीकडे होता. ४०१ साली आई वारली म्हणून तो घरी परतला, आणि ४०३ साली या ह्वान श्वानने सिंहासनच बळकावले. दुसऱ्याच वर्षी तो मारला गेला. ज्याने त्याचा पाडाव केला त्या ल्यू यूच्या पदरीही ताओने थोडे दिवस काढले, आणि हाच ल्यू यू ४२० साली स्वतः बादशहा झाला. ज्याची चाकरी करावी तो राजाला गिळायला निघालेला, असा हा काळ. त्याचे नोकरीवरचे मन उडाले त्याला कवीचा लहरी स्वभाव एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही. त्याने हे सगळे फार जवळून पाहिले होते.

४०५ सालच्या शरदात चुलत्याच्या खटपटीने त्याला पेंगत्से येथील कारभार मिळाला. आपल्याकडचा मामलेदार असतो त्या तोलामोलाची ही जागा. ती आपण का घेतली हे त्याने स्वतःच निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. शेतीवर भागत नव्हते, लहान मुलांनी घर भरले होते, रांजणात धान्य नव्हते. गाव घरापासून फार लांब नव्हते आणि सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून मद्याची सोय होणार होती, हेही त्याने लपवलेले नाही.

या सरकारी जमिनीची एक गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. तिच्यात सगळा चिकट भात लावावा, म्हणजे भरपूर मद्य गाळता येईल, असा हुकूम त्याने सोडला. बायकोने खाण्याच्या भातासाठी फार हट्ट धरला, तेव्हा थोडा तुकडा तिच्यासाठी सोडून बाकीच्यात मद्याचाच भात लावायचे ठरले. गोष्ट गमतीची आहे, पण शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच शंका येते. हा गृहस्थ भाद्रपदाच्या सुमारास कामावर रुजू झाला आणि हिवाळ्यात निघून गेला. या दिवसांत भाताची लावणी कोणी केली? गोष्ट मागाहून रचलेली असावी. बायकोचा हट्ट मात्र मला खरा वाटतो.

दुसरी एक गोष्ट मला अधिक आवडते. पेंगत्सेहून त्याने घरी मुलाच्या मदतीला एक नोकर पाठवला, लाकूडफाटा आणि पाणी आणायला. सोबत चिठ्ठी होती. हाही कोणा आईबापाचे लेकरू आहे, त्याला नीट वागव, अशा अर्थाची. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक अंमलदार नोकराबद्दल असे लिहितो, हे वाचून मी ग्रंथालयात बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता राजीनाम्याविषयी. त्याची जी हकीकत जगभर प्रसिद्ध आहे ती अशी. जिल्ह्याचा तपासणी अधिकारी यायचा होता. कारकुनाने सुचवले की साहेबांनी कमरपट्टा बांधून, रीतसर पोशाख करून सामोरे जावे. त्यावर ताओने, पाच मापे तांदळासाठी एका गावंढळ माणसापुढे आपण कंबर वाकवणार नाही असे सांगून त्याच दिवशी अधिकाराची मोहोर परत केली. ही गोष्ट ऐकायला फार तेजस्वी आहे. पण कवीने स्वतः सांगितलेले कारण निराळे आहे. त्याची धाकटी बहीण वूछांग येथे वारली. तिच्यासाठी तातडीने जाता यावे म्हणून त्याने जागा सोडली. तो असेही म्हणतो की पोटासाठी मनाला राबवणे आपल्याला आता सोसवत नाही. वर्षभर तरी काढावे आणि मग निघावे असा आधी बेत होता. एकूण ऐंशीपेक्षा थोडे अधिक दिवस तो त्या खुर्चीवर होता.

लोकांनी अधिकाऱ्याची गोष्ट लक्षात ठेवली, बहिणीची विसरली. मला बहिणीची गोष्ट जवळची वाटते. स्वाभिमानाच्या भरात टाकलेली नोकरी पुन्हा धरता येते. हा माणूस तर तोवर चार-पाच वेळा परतून नोकरीवर गेलेलाच होता. या वेळी मात्र तो पुन्हा कधीच गेला नाही. बहिणीच्या मृत्यूने त्याला आपलेही दिवस मोजके आहेत हे दिसले असावे, असा माझा तर्क आहे. घरी परतण्यावर त्याने त्या वेळी लिहिलेली रचना चिनी वाङ्मयात अजरामर झाली. तेव्हा तो चाळिशीचा होता आणि पुढे बावीस वर्षे जगला.

त्या बावीस वर्षांबद्दल सहसा कोणी बोलत नाही. कुंपणाशी शेवंती फुलली आहे, हातात पेला आहे, समोर दक्षिणेचा डोंगर आहे, असे त्याचे चित्र काढतात आणि थांबतात. शेवंती होतीच. तिच्या पलीकडे शेत होते. तो नांगर धरून पुढे आणि त्याची बायको कुदळ घेऊन मागे, असे त्यांच्या कष्टाचे वर्णन सापडते. एका कवितेत डोंगराच्या पायथ्याशी पेरलेल्या घेवड्याची हकीकत आहे. पीक विरळ आले आणि तण दाट माजले, हे तो सरळ कबूल करतो. आमची आजी असती तर तिने अशा शेतकऱ्याला बांधावर उभे करून दोन शब्द सुनावले असते. पण तो पहाटे उठून तण काढायला जातो आणि चंद्र वर आल्यावर कुदळ खांद्यावर टाकून परततो, हेही त्याच कवितेत आहे.

४०८ सालच्या ऐन उन्हाळ्यात घराला आग लागून सगळे जळाले. कुटुंबाने दारासमोरच्या पाण्यात नावेच्या आडोशाने दिवस काढले. पुढे उपासमारीचे प्रसंग आले. एका कवितेचे नावच भीक मागण्यावर आहे. भुकेने घराबाहेर ओढले, कुठे जातो आहोत हेही कळले नाही, कोणाच्या तरी दारावर थाप मारली आणि तोंडातून शब्द फुटेना. घरधन्याने न विचारता ओळखले, जेवू घातले, आणि दोघे संध्याकाळपर्यंत बोलत बसले. माझा त्याच्यावरचा राग ही कविता वाचल्यावर गेला. ज्याने कंबर वाकवायला नकार दिला म्हणून जग त्याला मानते, त्यानेच दुसऱ्याच्या दाराशी उभे राहिल्याचे लिहून ठेवले. लपवायचे असते तर त्याला कोणी विचारायला आले नव्हते.

त्याला पाच मुलगे होते. त्यांच्यावर त्याची एक थट्टेची कविता आहे. थोरला सोळा वर्षांचा आणि कमालीचा आळशी, दुसऱ्याला पुस्तकाची गोडी नाही, तेरा वर्षांच्या दोघांना सहा आणि सात यांतला फरक कळत नाही, धाकटा फळे शोधत हिंडतो. शेवटी हे नशीब म्हणून बाप पेला उचलतो. सगळे वाचक इथे हसतात. मी ती कविता मुलांच्या बाजूने वाचली. त्यांच्या वाट्याला लाकडे फोडणे आणि पाणी वाहणे होते. पुस्तक कधी धरायचे? बापाला हे ठाऊक नव्हते असे नाही. पन्नाशी उलटल्यावर त्याने मुलांना जे पत्र लिहिले त्यात मान्य केले आहे की आपला स्वभाव ताठर, जगाशी जुळवून घेता येत नाही, म्हणून आपण घरी आलो, आणि त्यामुळे तुम्हाला लहानपणापासून थंडी आणि भूक सोसावी लागली. याचे त्याला मनापासून वाईट वाटत होते. भावाभावांनी एकत्र राहावे, वाटण्या करू नयेत, अशी त्याची विनवणी आहे. आमचे वडील बरोबर उलटे वागले. ते स्वतः मातीत राहिले आणि मुलाला बाहेर काढले. या दोन बापांपैकी कोण शहाणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दंतकथा पुष्कळ आहेत. मद्य गाळायला तो डोक्याचे फडके वापरी आणि गाळून झाले की तेच पुन्हा डोक्याला बांधी. त्याच्याकडे एक तार नसलेले वाद्य होते, मित्र जमले की तो त्यावरून हात फिरवी. प्रांताधिपती वांग होंगला त्याला भेटायचे होते, पण हा दाद देईना. तेव्हा तो डोंगराकडे जायच्या वाटेवर एका मित्राला मद्य घेऊन बसवण्यात आले, आणि पेला हातात आल्यावर भेट आपोआप घडली. यान यान-चि या कवीमित्राने निरोप घेताना वीस हजार नाणी दिली, ती याने सगळीच्या सगळी मद्याच्या दुकानात जमा करून ठेवली. घरात ओरड असताना हे मला पटत नाही. असो.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध लेखन म्हणजे पीच वृक्षांच्या झऱ्याची गोष्ट. एक कोळी नाव वल्हवीत भरकटतो, फुललेल्या झाडांमधून जाता जाता डोंगरातील एका अरुंद फटीतून पलीकडे निघतो, आणि तिथे त्याला एक गाव लागते. छिन घराण्याच्या जुलमाला कंटाळून पाच-सहाशे वर्षांपूर्वी पळून आलेल्या लोकांचे ते वंशज. मधल्या काळात कोणती राज्ये आली आणि गेली याचा त्यांना पत्ता नाही. कोळी परत जाऊन अधिकाऱ्यांना खबर देतो, शोध घेतात, वाट सापडत नाही. लाओत्सेच्या कल्पनेतील लहानशा, समाधानी राज्याची यात छाया आहे. मला जाणवले ते असे की त्या गावात जादू काहीच नाही. तिथेही लोक शेतात राबतात, कोंबड्या आरवतात, पाहुण्याला जेवण घालतात. तिथे नाही तो फक्त सारा वसूल करणारा.

४२० साली जिन घराणे संपले आणि त्याचा एके काळचा वरिष्ठ ल्यू यू गादीवर बसला. पुढच्या वर्षी पदच्युत बादशहाचा खून झाला. ताओला पुन्हा बोलावणी आली, तो गेला नाही.

कवी म्हणून त्याला हयातीत फारसा मान नव्हता. शे-सव्वाशे कविता उरल्या. सहाव्या शतकातील एका टीकाकाराने त्याला दुसऱ्या प्रतीत बसवले. त्याच सुमारास शियाओ थोंग या राजपुत्राने त्याचे लेखन गोळा करून चरित्र लिहिले, म्हणून आपल्याला एवढे तरी ठाऊक आहे. सुमारे सहाशे वर्षांनंतर सू शि या महाकवीने हद्दपारीच्या दिवसांत त्याच्या जवळजवळ प्रत्येक कवितेला जोड देणारी कविता रचली, शंभरावर.

मृत्यूच्या आधी, ४२६ च्या सुमारास, नवा प्रांताधिपती थान ताओ-ची त्याच्या झोपडीत आला. ताओ कित्येक दिवसांचा उपाशी आणि आजारी, अंथरुणाला खिळलेला. पाहुण्याने समजावले की आता राज्य चांगले आहे, शहाण्याने असे हाल कशाला करून घ्यावेत. ताओने उत्तर दिले की त्या थोर शहाण्यांत बसण्याची आपली योग्यता नाही. पाहुण्याने धान्य आणि मांस पुढे ठेवले. त्याने हाताने खूण करून ते परत न्यायला सांगितले. आतल्या खोलीत बायको असेल तर तिच्या मनात त्या वेळी काय आले, हे कोणत्याही चरित्रकाराने लिहिलेले नाही.

४२७ सालच्या नवव्या महिन्यात त्याने स्वतःच्या अंत्यविधीसाठी लागणारा लेख स्वतःच लिहिला. हिवतापाने त्याला घेरले होते. औषध त्याने घेतले नाही. त्या लेखात जाडेभरडे कपडे, रिकामे भांडे, पाणी वाहणे, भाजीला माती लावणे, हे सगळे आयुष्य तो सावकाश आठवतो. थडग्यावर मातीचा उंचवटा करू नये, झाड लावू नये, असे सांगतो, आणि मरणे खरोखर कसे असते असा प्रश्न विचारून लेखणी खाली ठेवतो.