बी अम्मा: मुलांच्या नावाआड राहिलेल्या नेत्या

रमजानच्या रात्री मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जातात. ग्रँट रोडच्या बाजूला मौलाना शौकत अली रोड आहे. दोन सख्ख्या भावांची नावे एकाच शहरातल्या दोन मोठ्या रस्त्यांना आहेत. पण या दोघांना घडवणारी आई कोण, तिचे नाव काय, हे घरात विचारून बघा. वडीलधारी मंडळी फार तर बी अम्मा म्हणतील. आबादी बानो बेगम हे त्यांचे खरे नाव मात्र क्वचितच कुणाला आठवेल.

13 नोव्हेंबर 1924 रोजी दिल्लीत बी अम्मांचा इंतेकाल झाला. त्यांच्याबद्दल आपण लिहितो, बोलतो, पण ते नेहमी आई म्हणून. त्या स्वतः राजकारणात होत्या, सभा गाजवत होत्या, हे आपल्या लक्षातच राहिले नाही. असे का झाले, याचा विचार आपण करायला हवा.

आबादी बानो यांचा जन्म 1850 च्या सुमारास, आजच्या उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याचा. लग्न रामपूर संस्थानात नोकरीला असलेल्या अब्दुल अली खान यांच्याशी झाले. ऐन तरुणपणी पती वारले. पदरात लहान मुले होती. धाकटे मोहम्मद अली तर तेव्हा जेमतेम चालू-बोलू लागले होते. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. स्वतः शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण मुलांना इंग्रजी शिकवायचेच असे त्यांनी ठरवून टाकले होते. त्या काळात इंग्रजी शिकला तो दीनपासून गेला, असा समज घराघरात होता. घरच्यांनी पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचे दागिने गहाण टाकले. मुले बरेलीच्या शाळेत गेली, मग अलीगढला गेली. मोहम्मद अली पुढे ऑक्सफर्डपर्यंत पोहोचले.

हेच मोहम्मद अली नामवंत पत्रकार झाले. 1911 मध्ये त्यांनी कलकत्त्यात कॉम्रेड हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. नंतर ते दिल्लीला नेले, आणि 1913 मध्ये हमदर्द हे उर्दू वृत्तपत्र काढले. म्हणजे बघा, शाळेत न गेलेल्या बाईच्या दागिन्यांतून जे शिक्षण उभे राहिले, त्यातून देशाला दोन मोठी वृत्तपत्रे मिळाली.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तुर्कस्तानच्या बाजूने लिहिल्याबद्दल सरकारने कॉम्रेडचा जामीन जप्त केला. 1915 मध्ये दोन्ही भावांना नजरकैदेत टाकले. पुढे त्यांना छिंदवाड्याला ठेवण्यात आले. हे गाव आपल्या नागपूरपासून फार लांब नाही. तेव्हाच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूरच होती. बी अम्मा मुलांबरोबर छिंदवाड्याला राहिल्या.

1917 मध्ये सरकारने सुटकेसाठी अट घातली. अमुक करणार नाही, तमुक बोलणार नाही, अशा हमीपत्रावर सही करा, म्हणजे सोडतो. सरकारी अधिकारी कागद घेऊन आला. बी अम्मांनी पडद्याआडून त्याला सुनावले, की माझ्या मुलांनी भीतीपोटी असल्या कागदावर सही केली, तर त्यांचा गळा दाबण्याइतकी ताकद या म्हाताऱ्या हातांत अजून आहे. सुटका लांबली. भाऊ बाहेर आले ते 1919 च्या अखेरीस.

हा प्रसंग आपल्याकडे अनेकदा सांगितला जातो. पण सांगतो कसा? एका करारी आईची गोष्ट म्हणून. खरे तर तो एका राजकीय कार्यकर्तीने घेतलेला राजकीय निर्णय होता. सरकारच्या अटी मान्य करायच्या की नाही, या प्रश्नावर त्यांनी आपले मत ठणकावून मांडले होते. हेच एखाद्या पुरुषाने केले असते तर आपण त्याला नेता म्हटले असते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्यात मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्ष म्हणून निवड झाली होती मोहम्मद अलींची, आणि ते तर नजरकैदेत. म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवली गेली. त्या अधिवेशनात बुरख्यातल्या बी अम्मा बोलल्या. पुरुषांनी भरलेल्या राजकीय सभेत पर्दानशीन मुस्लिम बाईने भाषण करणे ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. खुर्चीवर मुलाचा फोटो होता, आणि सभेत बोलत होती जिवंत आई. पण इतिहासात ठळक राहिला तो फोटोच.

1921 मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेतील ठरावावरून दोन्ही भावांना अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा बी अम्मा सत्तरीच्या होत्या. घरी बसून मुलांसाठी दुआ मागत राहिल्या असत्या तरी कुणी नाव ठेवले नसते. पण त्या बाहेर पडल्या. सून अमजदी बेगम, म्हणजे मोहम्मद अलींच्या पत्नी, बरोबर होत्या. गावोगाव सभा घेतल्या, खिलाफतीसाठी निधी गोळा केला, खादीचा प्रचार केला, हिंदू-मुस्लिम एकीची गरज समजावून सांगितली. पंजाबातल्या एका मोठ्या सभेत त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला. समोर बसलेले सगळे माझ्या मुलांसारखेच आहेत, मग त्यांच्यापासून पडदा कसला, अशी त्यांची भूमिका होती. वर्षअखेरीस अहमदाबादेत महिलांची परिषद भरली, तिचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले.

या काळात त्यांच्यावरचे एक गाणे घराघरात, गल्लोगल्ली गायले जात होते. पण त्या गाण्यातही त्या मोहम्मद अलींची अम्मा म्हणूनच येतात. मुलाला खिलाफतीसाठी जीव द्यायला सांगणारी आई, एवढीच त्यांची ओळख. लोकांनी त्यांच्यावर जिवापाड प्रेम केले, यात शंका नाही. पण प्रेम करताना नाव गळून पडले.

हे एकट्या बी अम्मांच्या वाट्याला आले असेही नाही. मौलाना हसरत मोहानी यांना आपण ओळखतो. 1922 मध्ये ते आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. त्यांच्या पत्नी निशातुन्निसा बेगम स्वतः राजकारणात होत्या. बायकांना मताचा हक्क द्या, ही मागणी घेऊन सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली 1917 मध्ये मद्रासला भारतमंत्र्यांना भेटलेल्या शिष्टमंडळात त्या होत्या. पण इतिहासात त्यांचे नाव राहिले बेगम हसरत मोहानी.

बी अम्मा अखेरच्या घटका मोजत होत्या, तेव्हा गांधीजी सरोजिनी नायडूंसोबत त्यांच्याकडे गेले होते. नंतर त्यांनी आपल्या यंग इंडिया या पत्रात बी अम्मांवर श्रद्धांजलीचा लेख लिहिला आणि सभांमधल्या त्यांच्या बुलंद आवाजाची आठवण काढली. म्हणजे लिहायचे ठरवले, तर लिहिता येत होते.

आता जरा आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना 2011 पासून 50 टक्के आरक्षण आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी भगिनी नगरसेविका झाल्या, सरपंच झाल्या. पण बातमी वाचा. अमुक साहेबांच्या पत्नी विजयी. फोटोत हार साहेबांच्या गळ्यात. प्रतिक्रिया साहेबांची. मोर्चाची बातमी असेल तर नेत्यांची वीस नावे, आणि शेवटी एक ओळ, की महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या. त्या महिलांपैकी कुणी भाषण केले, कुणी निवेदन दिले, कुणी घरोघर फिरून लोक गोळा केले, याचा पत्ता नसतो.

ही चूक फक्त मोठ्या वर्तमानपत्रांची आहे असे म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाही. कार्यक्रमाच्या बातम्या आमच्याकडेही येतात, आणि त्यात बायकांची नावे नसतात. आम्हीही ती विचारत नाही, बातमी आहे तशी लावून मोकळे होतो. उद्या कुणी आजच्या आंदोलनांचा इतिहास लिहायला बसले, तर त्याला आमच्या बातम्यांतून या भगिनींची नावे कशी सापडणार?

म्हणून आमची एक विनंती आहे. बातमी पाठवताना भाषण करणाऱ्या भगिनीचे नाव लिहा. तिचे स्वतःचे नाव, आणि ती काय बोलली तेही. आम्हीही यापुढे ते विचारल्याशिवाय बातमी लावणार नाही.

आणि पुढच्या रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर गेलात, तर मुलांना आबादी बानो बेगम यांच्याबद्दल नक्की सांगा.