तेरा वर्षांची मोहिनी

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशनला लागला, तेव्हा पडद्यावरची तारामती होती चक्क एक पुरुष! अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा तरुण. फाळक्यांनी खूप शोधलं, पण बाई काही मिळाली नाही. घरंदाज बायकांचं सोडाच, ज्यांना घराचा धाक नव्हता त्यांनीही सिनेमाला नाक मुरडलं.

त्याच वर्षी फाळके नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ करायला बसले आणि एक सोडून दोघी मिळाल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची लेक कमला मोहिनी. कमलाचा जन्म १९००चा. म्हणजे आपल्याकडची आठवीतली मुलगीच की!

दुर्गाबाई हौसेनं या वाटेला आल्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात पोर. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायचं आणि पोट भरायचं. कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी राहत होती. म्हणूनच मोहिनी तिला जमली असावी. मूकपट तो, गाणं नाही की संवाद नाही. भस्मासुराला भुलवून स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचं, ते नुसत्या नाचानं आणि नजरेनं.

आता वाटेल, दार उघडलं, बायका आत आल्या. छे! १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये सीता पुन्हा अण्णा साळुंकेच, आणि राम पण तेच. पुढे ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी. थोडक्यात, पुरुष सीता आणि मुलगी कृष्ण! आज अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांत गणपतीतल्या नाटकाला आजीपासून नातीपर्यंत सगळ्या उभ्या राहतात, तेव्हा हे खरंसुद्धा वाटत नाही.

कमला नाटकाकडे परतली. किर्लोस्कर कंपनीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी लग्न होऊन ती कमलाबाई गोखले झाली. पण रघुनाथराव तरुणपणीच गेले आणि तीन मुलांचा संसार कमलाबाईंच्या एकटीच्या अभिनयावर चालला. आईचीच गत लेकीला आली म्हणायची. पुढे बायकांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. तेव्हा नव्वदी गाठलेल्या कमलाबाई पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या, आणि या खेपेला बोलत होत्या.