पंडिता रमाबाई : उघड्या दारातील प्रार्थना

पंडिता रमाबाईंचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त (१८८९) या दोन ग्रंथांमुळे येते. सामाजिक इतिहासात त्यांची नोंद स्त्रीशिक्षणाच्या व विधवांच्या प्रश्नासंदर्भात होते. त्यांच्या प्रार्थनाजीवनाविषयी मात्र बहुतांशी मिशनच्या चरित्रकारांनीच लिहिले, आणि तेही भाविकांसाठी. इतर अभ्यासकांनी तो त्यांचा खाजगी विषय मानून बाजूला ठेवला. तथापि, रमाबाईंच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोठा वाद रोजच्या प्रार्थनेवरूनच उद्भवला आणि त्यांचे सर्वांत दीर्घ वाङ्मयीन कार्यही प्रार्थनेच्या भाषेशी निगडित होते. म्हणून हा विषय बाजूला ठेवून त्यांच्या चरित्राची संगती लावणे कठीण जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकरोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. रमाबाईंच्या बालपणी हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. पठण, स्नान, उपवास आणि दान यांनी त्यांचा दिवस भरलेला असे. १८७४च्या सुमारास दुष्काळाने गाठले, तेव्हा संकट टळावे म्हणून याच साधनांचा अधिक कठोरपणे अवलंब करण्यात आला. थोड्याच अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण मृत्यू पावली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तोपर्यंत मंत्रपाठाच्या फलदायित्वावरील त्यांचा विश्वास ढळला होता. परंतु पवित्र शब्द तोंडाने उच्चारायचा आणि दिवसाची घडी त्याच्याभोवती बसवायची, ही बालपणाची सवय रमाबाईंच्या अंगी कायम राहिली.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी प्रथम पाहिली ती याच शहरात, एका मेळाव्यात. उपस्थित मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली, तेव्हा ही माणसे खुर्च्यांनाच नमस्कार करीत असावीत असे या भावंडांना वाटले. समोर मूर्ती नाही, हाती पूजेचे साहित्य नाही, अशी उपासना त्यांनी पूर्वी पाहिलीच नव्हती. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मिस्किलपणे नोंदविला आहे. प्रार्थनेचे बाह्य रूप हे शेवटी संस्काराने ठरते आणि परक्याला ते हास्यास्पदही वाटू शकते, ही जाणीव त्यांना ख्रिस्ती होण्यापूर्वीच झालेली होती, हे या नोंदीवरून लक्षात येते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८२ साली पतीचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयामागे फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या विवेचनाचा वाटा होता.

मठातील नेमलेल्या वेळांची उपासना रमाबाईंना रुचली, परंतु तिच्याबरोबर येणारी आज्ञाधारकता त्यांनी स्वीकारली नाही. त्यांच्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या शंकांपासून शाकाहारापर्यंत अनेक बाबतींत रमाबाई त्या पत्रांतून प्रतिवाद करताना दिसतात. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, आपल्या लोकांना प्रिय असलेल्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असे काय आहे, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. आपली श्रद्धा कोणत्या भाषेतून व्यक्त व्हावी हे आपणच ठरवू, हा आग्रह त्या काळापासूनचा आहे. त्याचे उत्तर मात्र उत्तरायुष्यात पार बदलले.

१८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या संस्थेत कोणत्याही धर्माचा उपदेश होणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे अभिवचन देण्यात आले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा पुढे १८९३च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. 'माझे पुराण' या त्यांच्या आत्मकथनात सदनातील दिवसांचे चित्र आले आहे. सदनात राहिलेल्या, परंतु हिंदूच राहिलेल्या स्त्रीची साक्ष म्हणून त्याचे मोल विशेष आहे.

१८९१च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला नवे वळण लागले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही, अशी त्यांची भावना झाली होती. त्यातून बाहेर पडल्यावर प्रार्थना हा त्यांच्या दिवसाचा पाया बनला. रोज सकाळी त्या मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते, मज्जावही नव्हता. वादाचे मूळ नेमके येथे होते. 'केसरी'ने सदनावर टीकेची झोड उठविली. रमाबाईंनी आपली प्रार्थना दार लावून करावी, अशी सल्लागारांची अपेक्षा होती. ती मान्य झाली नाही. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला, म्हणून संस्था टिकली.

या प्रकरणाचा विचार करताना दोन्ही पक्षांची बाजू ध्यानात घ्यावी लागते. रमाबाईंच्या मते हिंदू मुलींना सदनात पूजापाठ करण्याची मोकळीक असेल, तर संचालिकेलाही स्वतःच्या खोलीत उपासना करण्याचा अधिकार होता. आईपाशी मूल बसते तशा येणाऱ्या मुलींना हाकलून देणे त्यांना खोटेपणाचे वाटत होते. सल्लागारांचा आक्षेपही पोकळ नव्हता. निराधार मुलींच्या दृष्टीने रमाबाई अन्न, विद्या आणि माया देणारी एकमेव व्यक्ती होती. अशा व्यक्तीचे उघडे दार हेच एक आमंत्रण ठरते. १८९५ साली सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही भीती अनाठायी नव्हती हेही सिद्ध झाले. संस्थेचे दिलेले अभिवचन आणि व्यक्तीची श्रद्धा यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न त्या वादात सुटला नाही. उभय पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक होते, हे मात्र मान्य करावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी दुसऱ्या प्रकारची संस्था उभारून दिले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे विकत घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली. त्यानंतर नव्या संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप उघड होते. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीच्या कुटुंबाची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांचा दिवस घंटेवर चाले. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, छापखाना ही कामे आणि त्यांच्या जोडीला शाळा व उपासना असा तो क्रम होता. संस्थेच्या नियतकालिकाचे नावही प्रार्थनेची घंटा या अर्थाचे, 'मुक्ती प्रेअर बेल' असे होते. विहिरीचे पाणी, धान्य, औषध या दैनंदिन गरजा प्रार्थनेत मांडल्या जात. लौकिक आणि पारमार्थिक असा भेद तेथे फारसा शिल्लक राहिला नव्हता.

१९०५च्या प्रारंभी रमाबाईंनी स्त्रियांचे प्रार्थनागट सुरू केले आणि जूनअखेरीस मुक्तीत धार्मिक जागृतीची लाट उसळली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंगाट शिष्टसंमत वाटला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाला आपल्या स्वभावानुसार देवाला हाक मारू द्यावी, परदेशी शिस्तीचा साचा त्यांच्यावर लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. कलकत्त्याच्या मेळाव्यात खुर्च्यांमुळे चकित झालेल्या तरुणीचे हे प्रौढ उत्तर मानता येईल.

याच काळात त्यांनी बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. प्रचलित मराठी भाषांतराची संस्कृतप्रचुर शैली खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या स्त्रियांना आकळत नव्हती. शिवाय अनेक संस्कृत शब्दांना हिंदू देवधर्माचे जे अर्थ चिकटलेले होते, तेही त्यांना नको होते. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, सोप्या बोलीचा आश्रय घेतला आणि छपाईची कामे मुक्तीतील स्त्रियांकडून करवून घेतली. क्रूसासाठी लॅटिनऐवजी संस्कृतचा कैवार घेणारी विदुषी आता संस्कृत शब्दच गाळीत होती. यात विसंगती दिसते, परंतु श्रोता बदलला होता. वाँटेजला रमाबाई स्वतःसाठी भाषा मागत होत्या, केडगावला त्या दळणकांडण करणाऱ्या मुलींसाठी ती शोधीत होत्या.

या भूमिकेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. समकालीन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी अभंग-ओवीची घडण आणि वारकरी भक्तीची शब्दकळा ख्रिस्ताच्या चरणी वाहिली, आणि त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. रमाबाईंनी हिंदू संस्कारांचे शब्द वगळताना संतकाव्याने रुळविलेला भावनेचा मोठा साठाही दूर ठेवला. त्यांचे भाषांतर चर्चच्या सर्वसाधारण वापरात आले नाही. तरीही अल्पशिक्षित स्त्रीला वाचक मानून एका स्त्रीने मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर म्हणून मराठी गद्याच्या अभ्यासात त्याला स्थान मिळावयास हवे. बोलीचा ग्रंथभाषा म्हणून झालेला हा मोठा प्रयोग अद्याप पुरेसा तपासला गेलेला नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. ऐकू येणे कमी झालेल्या, थकलेल्या रमाबाई त्यानंतरही भाषांतराच्या कामात गढून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून पूर्ण झाले ते १९२४ साली, त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांच्या हातून.