संततिनियमनाचे अग्रदूत : प्रा. र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घराघरांत पोहोचले. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव यांच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. महाविद्यालयाच्या मिशनरी चालकांना ते रुचले नाही; तेव्हा त्यांनी कार्याऐवजी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंची त्यांना अखंड साथ होती. उभयतांनी स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि पदरमोड करून अखेरपर्यंत चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले; तरीही दंड चुकला नाही.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. पुढल्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. १९७५-७७ च्या आणीबाणीत याच कार्यक्रमाला सक्तीच्या नसबंदीचे रूप आले. परकीय शासनाने ज्ञान देणाऱ्यास दंड केला, स्वकीय शासनाने ज्ञानाऐवजी सक्ती केली; दोन्ही वेळा निर्णय पतिपत्नींच्या हातून गेला. रघुनाथरावांचा सारा लढा तो त्यांच्याच, विशेषतः स्त्रीच्या, हाती राहावा यासाठी होता. शासकीय सेवेत असलेल्या आपल्यासारख्यांनी हे विसरता कामा नये.