पेन्सिलीने सांधलेला मेंदू

सूक्ष्मदर्शकातून स्लाइडचा एका वेळी लहानसा गोलच दिसतो. हल्ली स्लाइड थोडी थोडी सरकवत डिजिटल कॅमेऱ्याने शेजारशेजारचे फोटो घेतात आणि संगणक ते सांधून सलग चित्र देतो. सांतियागो रामोन ई काहाल हे काम डोळ्यांनी आणि पेन्सिलीने करीत.

त्यांचा जन्म १८५२ साली स्पेनमध्ये झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. डॉक्टर वडिलांनी मात्र उनाड पोराला न्हाव्याकडे व जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवले, पुढे शरीरशास्त्र शिकवले. चित्रकला सुटली नाही, आणि तीच उपयोगी पडली! १८८७ मध्ये त्यांनी माद्रिदला इटलीच्या गोल्जींच्या पद्धतीने रंगवलेली स्लाइड पाहिली. या पद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होऊन उठून दिसतात. त्यांचे तंतू लांबवर, वरखाली गेलेले. काहाल फोकस बदलत, स्लाइड सरकवत आणि ठिकठिकाणी पाहिलेले एकाच चित्रात मांडीत. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी दाखवले, की चेतापेशी सुट्या असतात. गोल्जींच्या मते मात्र ते अखंड जाळे होते. १९०६ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले, तरी भाषणात गोल्जींनी आपलेच मत मांडले.

काहाल १९३४ मध्ये वारले. पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.