मलिकंबराचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची व मिशनरी धर्मगुरूंची चरित्रे द्यावीत असा प्रघात आहे, व तो योग्यही आहे. प्रस्तुत लेखाचा नायक मात्र संत नव्हता व ख्रिस्तीही नव्हता, तो इस्लामधर्मी हबशी सरदार होता. तरी पैठणच्या रस्त्यावरील आमच्या चितेगावचे रहिवासी कामाकाजानिमित्त ज्या शहरास नित्य जातात, ते शहर त्याने वसविले आहे. शिवाय मनुष्याच्या रंगावरून व जन्मावरून त्याची किंमत ठरविण्याचे पाप जगात किती प्रकारांनी चालते, हे त्याच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. म्हणून त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मलिकंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिका खंडातील हबसाण देशात झाला. आईबापांनी त्याचे नाव चापू ठेवले होते. तो लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. त्या काळी हबसाणातील मुले लाल समुद्रापलीकडे नेऊन गुरांप्रमाणे विकली जात. मोखा बंदरात हा मुलगा ८० डच गिल्डरांस विकला गेला, असे पुढे त्यास प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेविले आहे. तेथून तो बगदादला गेला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी पाहून त्यास शिक्षण दिले व अंबर हे नवे नाव दिले. आईबापांपासून तुटलेल्या त्या बालकाचे नाव, धर्म व देश ही तिन्ही बदलली, आणि यांपैकी एकाही गोष्टीविषयी त्याचे मत कोणी विचारले नाही.

सन १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिणेत आणला गेला व अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः हबशी असून पूर्वी गुलामच होता, व त्याच्या पदरी सुमारे १,००० हबशी गुलाम होते. वाचकांस येथे आश्चर्य वाटेल की, गुलाम हा पेशवा कसा होतो? त्याचे कारण असे की, दक्षिणेतील सुलतानांस नातेवाईकांचा व सरदारांचा विश्वास नसे. ज्यास गणगोत नाही असा शस्त्रकुशल परदेशी गुलाम त्यांस अधिक निष्ठावान वाटे. धनी मेला म्हणजे असा गुलाम बहुधा मोकळा होई व आपल्या तलवारीवर सरदारकी मिळवी. अमेरिकेतील उसाच्या व कापसाच्या मळ्यांवर जी गुलामगिरी पुढे रूढ झाली, तीत मनुष्य पिढ्यानुपिढ्या गुलामच राही. त्या मानाने दक्षिणेतील रीत निराळी होती. तरीपण तिचा आरंभ मूल पळविण्यापासूनच होत असे, हे विसरून चालणार नाही.

चंगीजखान १५७४-७५ च्या सुमारास मरण पावला व त्याच्या विधवेने अंबरास दास्यातून मुक्त केले. पुढील वीस वर्षे त्याने अनेक धनी पाहिले. काही काळ तो विजापूरच्या आदिलशहाकडे होता. तेथे त्यास मलिक हा किताब मिळाला. सन १५९५ मध्ये तो अहमदनगरास परत आला, तेव्हा त्याच्याजवळ अवघे दीडशे स्वार होते.

सन १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य बुडाले असे सर्वांस वाटले. परंतु मलिकंबराने राजवंशातील एक तरुण शोधून काढला, परांड्यास त्यास मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले व त्यास आपली कन्या दिली. त्या दिवसापासून मरेपर्यंत सव्वीस वर्षे दिल्लीच्या बादशहास दक्षिणेत पाय रोवू न देणे हेच त्याचे कार्य झाले. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचा उपयोग त्याने जाणला होता. समोरासमोर लढाई न देता शत्रूची रसद तोडणे, रात्री छापे घालणे व त्यास डोंगराळ मुलखात ओढून नेणे, ही गनिमी काव्याची पद्धत त्याने नावारूपास आणली. मालोजी व शहाजी भोसले यांनी निजामशाहीची चाकरी केली ती त्याच्याच काळात. सन १६२४ मध्ये नगरजवळील भातवडी येथे मोगल व विजापूरकर या दोघांच्या एकवटलेल्या फौजांचा त्याने पराभव केला. तेव्हा त्याचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते.

आता त्याच्या निंदकांकडे वळू. जहांगीर बादशहास या हबशाने जितके सतावले तितके दुसऱ्या कोणीही सतावले नसेल. बादशहाने आत्मचरित्र लिहिले आहे. त्यात मलिकंबराचे नाव सहसा शिवीवाचून येत नाही, आणि त्या शिव्या बहुतेक त्याच्या काळ्या रंगावरून आहेत. एवढ्यावर समाधान न होऊन सन १६१६ च्या सुमारास दरबारी चितारी अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढविण्यात आले. ते आज आयर्लंडमधील डब्लिन शहरी चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. मत्स्याच्या पाठीवर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल व गोलावर बादशहा धनुष्य घेऊन उभा आहे. समोर भाल्यावर मलिकंबराचे छिन्न मस्तक टोचलेले असून त्यावर घुबड बसले आहे, आणि बादशहा त्या मस्तकावर बाण सोडीत आहे. चित्रात लिहिलेल्या फारसी ओळींतही त्याच्या वर्णाची निंदा आहे.

हा प्रसंग कधीच घडला नाही. मलिकंबराचे मस्तक कोणी कापले नाही. चित्र निघाले त्याच सुमारास मोगलांनी त्याचा पराभव करून खडकी शहर जाळले हे खरे, परंतु तो पुन्हा उठला व पुन्हा लढला. रणांगणी जे साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले. अशा चित्राचा विषारीपणा आम्ही कमी लेखीत नाही. मनुष्याचा काळा रंग हेच त्याच्या नीचपणाचे चिन्ह, असे पाहणाऱ्याच्या मनावर ते ठसविते. तथापि त्या चित्राने मलिकंबराचा एक स्वारही कमी झाला नाही.

त्याच्या घरात जी निंदा शिरली ती मात्र त्यास सोसवली नाही. निजामशहास एक इराणी राणीही होती. तिने मलिकंबराच्या कन्येस गुलामाची काळी पोर म्हणून हिणविले व तिच्या बापासही दूषणे दिली, असे त्याच डच व्यापाऱ्याने लिहिले आहे. त्यावरून सन १६१० मध्ये मलिकंबराने सुलतान व राणी या दोघांसही विष देवविले आणि एका अल्पवयीन मुलास गादीवर बसविले, असे तो सांगतो. मुलीच्या अपमानाने बापाचे मन किती पेटते हे आम्ही जाणतो, परंतु या कृत्यास आम्ही क्षमेचे नाव देऊ शकत नाही. शिवी देणारी जीभ बंद झाली, मात्र ज्या समजुतीतून ती शिवी निघाली ती समजूत तशीच राहिली. इराणी व तुर्की उमरावांचा तोरा गेला नाही, की हबसाणातून येणारी गुलामांची गलबते थांबली नाहीत. स्वतः मलिकंबराच्या फौजेतही हबशी गुलामांची पथके होती. जो बालपणी विकला गेला तोच मोठेपणी त्या व्यवस्थेचा धनी झाला. एक गुलाम राज्याचा कारभारी झाला म्हणून गुलामगिरी न्यायाची ठरत नाही, हे येथे स्पष्ट होते.

परंतु याच पुरुषाने दुसरीकडे एक व्यवस्था खरोखर बदलली, व ती गोष्ट सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. निजामशाहीत गावांचा वसूल इजाऱ्याने देण्याची रीत होती. इजारदार सरकारात ठरीव रक्कम भरी व रयतेकडून मनास येईल तितके काढी. मलिकंबराने ही इजाऱ्याची पद्धत बंद केली, जमिनीची प्रत पाहिली, पिकाचा माफक हिस्सा ठरविला आणि काही हंगामांचा अनुभव घेऊन मग तो रोख रकमेत बांधून दिला. गावची जुनी वतनदारांची व्यवस्था त्याने पुन्हा उभी केली. ही मलिकंबरी धाऱ्याची पद्धत पुढे शिवकाळातील जमाबंदीसही उपयोगी पडली. सन १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे आपले मुख्य ठाणे वसविले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. शहरास पाणी नव्हते, म्हणून उत्तरेकडील डोंगरांतील जमिनीखालचे झरे अडवून त्याने भुयारी नहर आणली. नहर-ए-अंबरी या नावाने ती प्रसिद्ध असून विसाव्या शतकातही शहराच्या काही भागांस तिचे पाणी मिळत होते. त्या पाण्याने पिणाऱ्याची जात, धर्म वा रंग विचारला नाही.

सन १६२६ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन मलिकंबर मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याच्या मरणानंतर मोगल दरबारचाच इतिहासकार मुतमदखान यास त्याच्या युद्धकौशल्याची, न्यायाची व कारभाराची स्तुती करावी लागली. त्याचा मुलगा फत्तेखान बापाच्या तोलाचा निघाला नाही व १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. खडकीचे फतेहनगर झाले, पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव चालू आहे.

वाचकहो, दुसऱ्याच्या दरबारातील दोष दाखविणे सोपे आहे, म्हणून आता आपल्या घराकडेही पाहू. ज्या काळात मलिकंबर राज्य चालवीत होता, त्याच काळात ख्रिस्ती राजाच्या अमलाखालील गोव्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम विकले जात होते. पंधराव्या शतकातील काही पोपमहाशयांच्या आज्ञापत्रांचा आधार घेऊन वसाहतवाल्यांनी पुष्कळ अन्याय केला. उलट पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांस गुलाम करण्याचा निषेध केला, व पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला, हेही सत्य आहे. २०२३ साली रोमने त्या जुन्या भूमिशोधाच्या सिद्धांताशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. गोव्यातील दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो हा आमचाच धर्मबंधू. एतद्देशीय म्हणून गोव्यात त्याची वाट अडविली गेली, तेव्हा तो रोमला जाऊन धर्मगुरू झाला. १६३७ साली त्यास बिशपपदाची दीक्षा मिळाली, तरी पोर्तुगीज अधिकारी त्यास मान देईनात व त्यास आदिलशाही मुलखातील डिचोलीस राहावे लागले. त्याच्या छिन्न मस्तकाचे चित्र कोणी काढले नव्हते. केवळ नियमांनी व नेमणुकांनी त्यास अडविले, आणि ते अडविणे कोणत्याही चित्राहून अधिक परिणामकारक होते.

आजही उत्तर कानडा जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर या भागांतील रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळ गोव्याच्या गुलामगिरीतून पळालेले होते, व त्यांच्यात कॅथोलिक कुटुंबेही आहेत. त्यांस अनुसूचित जमातीचा हक्क मिळावयास २००३ साल उजाडावे लागले. आमच्या मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती घराणी ज्या समाजांतून आली, त्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात प्रथम मुख्यतः हिंदू दलितांचा समावेश झाला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांस त्यात स्थान मिळाले, पण ख्रिस्ती झालेल्या दलितास ते मिळाले नाही. आणि भारतातील कॅथोलिक बिशपांनी स्वतःच २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या धोरणपत्रात ख्रिस्तसभेतही जातिभेद चालतो अशी कबुली दिली.

कोणी आपणांस जातीवरून वा रंगावरून शिवी दिली, तर आपले रक्त उसळते. तसे उसळावे, कारण ती प्रभूच्या प्रतिमेची विटंबना आहे. परंतु शिवी देणाऱ्याने क्षमा मागितली की आपण स्वस्थ बसतो, आणि विहीर, शाळा, नोकरी, सोयरीक, दफनभूमी व धर्मग्रामाची कमिटी यांत जो भेद मुकाट्याने चालतो त्याविषयी ब्र काढीत नाही. मलिकंबराने शिवीचा सूड घेतला, त्याने कोणाचे कल्याण झाले नाही. त्याने धारा बांधला व नहर आणली, त्याचे फळ रयतेने व नगरवासीयांनी पिढ्यानुपिढ्या भोगले. महोत्सवाच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामात कोणता इजारा अद्याप चालू आहे, याची झडती प्रत्येक कुटुंबाने घरी बसून घ्यावी व जे आढळेल ते काढून टाकण्यास आरंभ करावा. दयाघन प्रभू येशू ख्रिस्त आम्हां सर्वांस तशी बुद्धी व बळ देवो, हीच आमची प्रार्थना.