होमी भाभा आणि वाळूतील थोरियम

1909 सालची गोष्ट. त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या काथ्याला थोडी वाळू चिकटलेली होती. शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने ती तपासली, तेव्हा तीत मोनाझाईट हे खनिज आढळले. मोनाझाईटात थोरियम असते आणि गॅसबत्तीच्या मॅन्टलसाठी त्या काळी थोरियमला मोठी मागणी होती. ही वाळू मग जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. त्याच वर्षी, 30 ऑक्टोबर रोजी, मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात होमी जहांगीर भाभा यांचा जन्म झाला.

थोरियमचा शोध स्वीडनमधील बर्झेलियस यांनी 1828 साली लावला आणि थोर नावाच्या मेघगर्जनेच्या देवावरून त्याला नाव दिले. ही रुपेरी धातू किरणोत्सर्गी आहे, हे कळण्यास मात्र 1898 साल उजाडावे लागले. मारी क्यूरी आणि जर्मनीतील श्मिट या दोघांनाही ते स्वतंत्रपणे आढळले. थोरियमचा ऱ्हास अत्यंत संथ असतो. त्याचा निम्मा साठा संपण्यास सुमारे 1,400 कोटी वर्षे लागतात!

होमींनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवावा, मग आवडीचा विषय घ्यावा, असे ठरले. केंब्रिजमध्ये 1930 साली होमींनी ती अट पुरी केली. पुढे विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांचे नाव जगभर झाले. ते 1939 साली सुटीवर मायदेशी आले असतानाच महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. बंगळूरला अध्यापन करीत असताना, 1944 च्या मार्चमध्ये, त्यांनी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून संशोधनसंस्थेसाठी साहाय्य मागितले. अणुशक्ती कामी येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा त्यांचा हेतू होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्याच्या सतरा महिने आधीचे हे पत्र आहे. त्यातून 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

देश स्वतंत्र झाल्यावर 1948 साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पवईच्या तलावाच्या दक्षिणेस काही कोसांवर, खाडीकाठी, ट्रॉम्बे म्हणजे जुने तुर्भे आहे. तेथील डोंगराच्या पायथ्याशी 1954 साली अणुसंशोधन केंद्राचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी तेथे थोरियम शुद्ध करण्याचा कारखाना चालू झाला. किनाऱ्यावरची वाळू आता देशाच्याच कामी येऊ लागली.

पण येथे एक मोठी अडचण होती. भारतात थोरियम विपुल, तर युरेनियम त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, असा भाभांचा अंदाज होता. आणि थोरियम आपण होऊन अणुभट्टीत जळत नाही. ओले लाकूड काडीने पेटत नाही, आधी वाळक्या काटक्यांचा जाळ करावा लागतो, तसेच हे आहे. अणुभट्टीत थोरियमच्या अणूने एक न्यूट्रॉन शोषला, की काही आठवड्यांत त्याचे युरेनियम-233 होते, आणि ते मात्र उत्तम इंधन असते. म्हणून भाभांनी 1954 साली दिल्लीच्या परिषदेत तीन टप्प्यांची योजना मांडली. आधी युरेनियम वापरून प्लुटोनियम मिळवायचे, मग त्याच्या बळावर थोरियमपासून युरेनियम-233 करायचे आणि शेवटी त्या इंधनावर थोरियमच्या भट्ट्या चालवायच्या. तिसरा टप्पा गाठण्यास कित्येक दशके लागणार होती. एवढ्या लांबच्या पल्ल्याची योजना आखणे हे नवस्वतंत्र, गरीब देशात धाडसाचेच होते.

4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेची अप्सरा ही पहिली अणुभट्टी चालू झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आणले होते. बांधणी येथल्याच माणसांची होती. पाण्यात चमकणाऱ्या तिच्या निळ्या प्रकाशामुळे पंडित नेहरूंनी तिला ते नाव दिले.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना भाभांचे विमान आल्प्सच्या मॉं ब्लां शिखराजवळ कोसळले. ते 56 वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. 1996 साली कल्पाक्कम येथे कामिनी ही छोटी अणुभट्टी सुरू झाली. तिची शक्ती अवघी 30 किलोवॅट आहे. तिच्यातील इंधन होते युरेनियम-233, थोरियमपासून बनविलेले.